यंत्राला लहर नसते

साकोली तालुक्यातील एका खेड्यात, जेथे माजी मालगुजारी तलावाच्या पाळीला लागून शाळा आणि शाळेला लागून ग्रामपंचायत आहे, तेथे ग्रामपंचायतीच्याच एका खोलीत एक छोटेखानी वाचनालय चालते. धानाची रोवणी आटोपून लोक पुन्हा वर्तमानपत्र वाचावयास येऊ लागले होते त्या दिवसांत तेथील ग्रंथपालांनी मला निरोप पाठविला, तो एकाच वाक्याचा होता : ‘‘लॅपटॉप लहरी झाला जी, मनात आलं तर उठते, नाही तर नाही उठत.’’ त्या लॅपटॉपवर लिनक्स मीच दोन वर्षांपूर्वी बसवून दिले होते, तेव्हा या फिर्यादीची चौकशी करणे हे माझे कर्तव्यच होते. आणि ती चौकशी करताना जे शिकावयास मिळाले ते, अशाच यंत्रावर काम करणाऱ्या इतर वाचकांच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे सविस्तर मांडीत आहे.

यंत्राला लहर नसते. परिस्थिती तीच असेल तर परिणामही तोच होतो, आणि परिणाम बदलला असेल तर परिस्थितीतले काही तरी बदललेले असते. ते आपल्या दृष्टीस पडलेले नसते, एवढेच. साफ बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे त्या मानाने सोपे, कारण दोष समोर हजर असतो व वाटेल तितक्या वेळा त्याची तपासणी करता येते; परंतु तीन दिवस बिनतक्रार चालून चौथ्या दिवशी काळा पडदा दाखविणाऱ्या यंत्राचा दोष, पाळीच्या तापासारखा, वैद्य घरी येतो त्या दिवशी नेमका उतरलेला असतो. अशा तापाची परीक्षा जुने वैद्य नाडीपेक्षा पाळीवरून करीत : ताप कोणत्या दिवशी आला, कोणत्या प्रहरी आला, आदल्या दिवशी रोग्याने काय केले होते. लॅपटॉपच्या बाबतीतही हीच रीत धरावी, आणि पहिल्याच दिवशी ‘फॉरमॅट मारून टाका’ हा जो सल्ला चहाच्या टपरीपासून दुरुस्तीच्या दुकानापर्यंत सर्वत्र फुकट मिळतो, तो निदान तीन आठवडे तरी बाजूस ठेवावा. फॉरमॅटने दोष जाईलच असे नाही. दोषाचा पुरावा मात्र खात्रीने जातो.

लिनक्स खेड्यांत कसे पोहोचले, याविषयी थोडे सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा आरंभ केला ते हे मुक्त सॉफ्टवेअर, त्याचाच आधार घेऊन आपल्याकडे सी-डॅक या शासकीय संस्थेने ‘बॉस’ या नावाची भारतीय भाषांना अनुकूल अशी प्रणाली तयार केली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबली तेव्हा नव्या विंडोजच्या अटी पूर्ण करू न शकणाऱ्या असंख्य जुन्या पण धडधाकट लॅपटॉपांना हाच आसरा राहिला. म्हणजे आपल्या भागात लिनक्स ज्या यंत्रांवर नांदते ती बहुतेक वयाने थोर असतात. सहा-आठ उन्हाळे पाहिलेली, एक-दोनदा उघडलेली, बॅटरी थकलेली. यंत्र सुरू झाले नाही की दोष लिनक्सच्या माथी मारण्याआधी हे वय ध्यानात घ्यावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आज्ञांची व फाइलींची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देत आहे. यंत्रावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावयाची आहेत.

सर्वांत आधी, कोणत्याही तपासाच्या आधी, आपल्या कागदपत्रांची नक्कल काढून ती लॅपटॉपबाहेर ठेवावी. यंत्र आज सुरू झाले आहे ना, मग आजच. ज्याची डिस्क मरणपंथाला लागली आहे त्या यंत्राची शेवटची सकाळ कोणती, हे कोणास आधी कळत नाही. यंत्र सुरूच होत नसेल तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून डिस्कला हात न लावता संपूर्ण प्रणाली चालविता येते असा पेनड्राइव्ह, लावून त्यावरून नक्कल काढावी. हा पेनड्राइव्ह नंतर साक्षीदार म्हणूनही उपयोगी पडतो : त्यावरून यंत्र दहा वेळा सुरू केले असता दहाही वेळा निर्वेधपणे सुरू झाले, तर वीज, मेमरी व मुख्य पाटी यांजवरचा संशय बराच कमी होऊन तो डिस्ककडे किंवा तिच्यावरील प्रणालीकडे वळतो, आणि पेनड्राइव्हवरूनही ते कधी सुरू होते व कधी होत नाही असे आढळले, तर लिनक्स निर्दोष आहे, दोष यंत्राच्या शरीरात आहे, असे बहुतांशी समजावे.

दुसरे काम रोजनाम्याचे. शंभर पानी वही घ्यावी आणि यंत्र जेव्हा जेव्हा सुरू केले जाईल तेव्हा तेव्हा, ते सुरू होवो वा न होवो, एक ओळ लिहावी. यश आले त्या दिवसाची नोंद लोक करीत नाहीत, आणि चूक होते ती येथेच. कारण अपयशाच्या दिवशी काय होते याला अर्थ येतो तो यशाच्या दिवशी काय नव्हते याच्याशी ताडून पाहिल्यावरच. नोंदीत तारीख व वेळ असावी. यंत्र रात्रभर थंड होते की आताच बंद करून पुन्हा चालू केले, चार्जर लावलेला होता की नव्हता, रात्री वीज गेली होती काय, माऊस, पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क यांपैकी काय काय जोडलेले होते, मागच्या खेपेस यंत्र रीतसर बंद केले की बटण दाबून धरून, आणि न उठण्यापूर्वी पडद्यावर शेवटचे काय दिसले, एवढे सर्व असावे. शेवटच्या बाबीसाठी हातातल्या मोबाइलने छायाचित्र घेणे उत्तम, कारण इंग्रजी अक्षरांची ती भराभर सरकणारी रांग स्मरणात राहत नाही. आणि एका वेळी एकच बदल करावा. चार्जर बदलला, मेमरी पुसली आणि प्रणाली अद्ययावत केली, असे तिन्ही एका सकाळी करून यंत्र बरे झाले तर श्रेय कोणाचे ते कधीच ठरत नाही, आणि महिन्याने दोष परत आला की चौकशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करावी लागते.

माझ्या ग्रंथपालांनी ही वही मन लावून लिहिली. तिच्यातून काय निघाले ते पुढे सांगतो. तत्पूर्वी यंत्र उठते म्हणजे काय होते, ते समजून घेतले पाहिजे.

आमच्या भागात तलावाचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचले नाही तर पाणकर काही शेवटच्या बांधीत उभा राहून विचार करीत बसत नाही. तो तलावाच्या मोरीपासून निघून नहराच्या काठाकाठाने चालू लागतो, आणि जेथपर्यंत पाणी आहे व जेथून पुढे नाही ती जागा शोधतो. लॅपटॉपमध्येही असाच एक प्रवाह आहे. बटण दाबताच प्रथम वीज मुख्य पाटीवर येते. मग पाटीवरील कायमचे सॉफ्टवेअर, ज्यास बायोस किंवा नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात, ते मेमरी, कळफलक व डिस्क यांची हजेरी घेते आणि निर्मात्याचे बोधचिन्ह दाखविते. ते ग्रब नावाच्या लहानशा कार्यक्रमास पुकारते. ग्रब लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, व त्यासोबत इनिटरॅमएफएस नावाची शिदोरी मेमरीत आणून ठेवतो. कर्नल त्या शिदोरीच्या आधारे मूळ डिस्क शोधून उघडतो. आणि शेवटी सिस्टमडी हा कारभारी एकेक सेवा सुरू करीत प्रवेशाचा पडदा समोर आणतो. न उठणाऱ्या यंत्रापुढे बसल्यावर पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नसून ‘पाणी कोठपर्यंत आले’ हा असावा.

दिवाच लागला नाही, पंखा फिरला नाही, किंवा दिवा लागून बोधचिन्ह आलेच नाही, तर लिनक्सचा संबंध अद्याप आलेलाच नाही. चार्जर काढावा, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढावी, आणि सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. पाटीवर साचून राहिलेला विद्युत्भार याने निघून जातो, आणि यानंतर यंत्र हटकून उठत असेल तर रोग वीजपुरवठ्याच्या मार्गात आहे, हे नोंदवून ठेवावे. त्याच जातीचा दुसरा चार्जर मागून आणून आठवडाभर लावून पाहावा. लॅपटॉपचा खालचा भाग फुगलेला किंवा टेबलावर ठेवला असता डुगडुगणारा दिसला तर बॅटरी फुगली आहे असे समजून तो तत्काळ बंद करावा, आणि बॅटरी दाबण्याचा वा टोचण्याचा प्रयत्न कोणीही करू नये; हा धोका आगीचा आहे. यंत्राची तारीख दर वेळी अनेक वर्षे मागे जात असेल तर पाटीवरील नाण्याएवढी, ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे. ती अल्प किमतीची असली तरी तिच्या अभावी जुन्या यंत्रांतील सेटिंग पुसले जाऊन, रात्रभर वीज गेलेल्या दिवशी सकाळी यंत्र डिस्क ओळखेनासे होते, आणि वीज न गेलेल्या दिवशी सुरळीत चालते. लोक याला लहर म्हणतात.

आमच्या भागाच्या हवामानाचा व व्यवसायाचा येथे विचार केलाच पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि पाठोपाठ येणाऱ्या पावसाळ्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील दमट हवा भिंतींना बुरशी आणते. धातूचे सांधे पहिल्या काळात प्रसरण पावतात, दुसऱ्यात गंजतात. तुमसर, लाखनी, साकोली या बाजूंना भातगिरण्यांच्या आसपास राहणाऱ्यांच्या घरी कोंड्याची जी बारीक धूळ हवेत असते ती लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीत नमद्यासारखी बसते, व यंत्र तापून बंद होते, आणि थंड होईपर्यंत पुन्हा उठत नाही. जे यंत्र दुपारी उठत नाही पण सकाळी उठते त्याची जाळी प्रथम साफ करवून घ्यावी. जे सकाळी थंड असता उठत नाही पण दोन-तीन प्रयत्नांनी ऊब आल्यावर उठते, त्याचा एखादा सांधा ढिला असण्याचा संभव अधिक. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात कोरड्या खोडरबराने हलकेच पुसून ती पुन्हा घट्ट बसविणे हा आपल्याकडील दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय आहे, आणि पावसाळ्यात तो अनेकदा गुण देतो. परंतु त्याआधी वीज व बॅटरी दोन्ही तोडलेली असावीत. मेमरीवर संशय असेल तर मेमटेस्ट नावाचा कार्यक्रम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवून ठेवावा. पहिल्या फेरीत निर्दोष ठरलेली मेमरी कधी कधी चौथ्या फेरीत पकडली जाते, म्हणून घाई करू नये.

बोधचिन्ह आले, पण पुढे ‘सुरू होण्यासारखी डिस्क सापडली नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर डिस्क हजेरीला गैरहजर आहे. ती नेहमीच गैरहजर असेल तर बहुधा मेली. कधी कधीच असेल तर तिच्या जोडणीकडे पाहावे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीचा एक दाखला स्वतःजवळ बाळगते, त्यास स्मार्ट म्हणतात, आणि तो स्मार्टसीटीएल या आज्ञेने, किंवा ‘डिस्क्स’ या नावाच्या चित्रमय कार्यक्रमातून, पाहता येतो. जुन्या धाटणीच्या डिस्कच्या दाखल्यात तीन आकडे महत्त्वाचे : ५ क्रमांकाचा, जो निकामी ठरवून बदली केलेले भाग सांगतो; १९७ क्रमांकाचा, जो वाचताना अडखळणारे व निर्णय प्रलंबित असलेले भाग सांगतो; आणि १९९ क्रमांकाचा, जो डिस्क व पाटी यांच्यातील दळणवळणात झालेल्या चुका सांगतो. पहिले दोन वाढत असतील तर डिस्क बदलण्याची तजवीज लागलीच करावी. मात्र पहिले दोन शून्य असून तिसराच वाढत असेल तर डिस्क बहुधा निर्दोष आहे, तिची फीत वा खोबण दोषी आहे, आणि नवी डिस्क आणावयास नागपूरला जाण्याचा खर्च व्यर्थ ठरण्याचा संभव अधिक.

ग्रब दिसला व त्यानंतर अडले, तर येथून पुढे लिनक्सचे राज्य सुरू होते आणि आपल्या हातांत बरीच साधने येतात. ग्रबची यादी बहुधा लपविलेली असते. जुन्या बायोसच्या यंत्रात शिफ्ट कळ दाबून धरल्याने, आणि यूईएफआयच्या यंत्रात बोधचिन्ह जाताच एस्केप कळ एकदा दाबल्याने ती उघडते. तेथे ‘अॅडव्हान्स्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत जुने कर्नल सांभाळून ठेवलेले असतात. एखाद्या अद्ययावतीकरणानंतर दोष सुरू झाला असेल तर आठवडाभर जुन्या कर्नलवर यंत्र चालवावे, आणि तेवढ्या काळात एकदाही अडखळले नाही तर गुन्हेगार सापडला. त्याच यादीत मुख्य ओळीवर उभे राहून ई ही कळ दाबली असता आज्ञांचा मजकूर उघडतो. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द आढळतील, ते खोडून एफ१० दाबावे. हा बदल त्या एका खेपेपुरताच टिकतो, त्यामुळे भिण्याचे कारण नाही. या दोन शब्दांचे काम यंत्राची बडबड सुंदर चित्रामागे झाकून ठेवणे एवढेच आहे, आणि निरोगी यंत्राला ते शोभते. आजारी यंत्राला मात्र बोलू द्यावे. ते गेले की प्रत्येक पायरीची ओळ पडद्यावर येते, व शेवटची ओळ हीच आपली साक्ष. याच जागी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडल्याने यंत्र उठत असेल तर चित्र दाखविणाऱ्या भागाचा ड्रायव्हर संशयित ठरतो.

डिस्कवर जागा न उरल्यानेही यंत्र अर्ध्यावर थांबते किंवा प्रवेशाच्या पडद्यावरून पुन्हा पुन्हा मागे फिरते. डीएफ, मोकळी जागा, उणे चिन्ह व एच, अशी आज्ञा दिली असता कोणता विभाग किती टक्के भरला ते दिसते. बूट नावाचा विभाग वेगळा व लहान ठेवलेला असेल आणि जुन्या कर्नलांनी तो भरून गेला असेल, तर नव्या कर्नलची शिदोरी अपुरी बांधली जाते, आणि दोष त्या अद्ययावतीकरणाच्या दिवसापासून दिसू लागतो.

आता ज्या पडद्याने सर्वांत अधिक घबराट उडते त्याविषयी. काळ्या पडद्यावर कंसात ‘इनिटरॅमएफएस’ असा शब्द येऊन यंत्र आज्ञेची वाट पाहत थांबते. याचा अर्थ कर्नल उठला, परंतु मूळ डिस्क त्याला उघडता आली नाही. पुष्कळदा कारण असते ते डिस्कवरील हिशेबातील विसंगती. हे समजण्यासाठी आपल्या दुकानदारीचीच पद्धत आठवावी. व्यवहार होताच तो आधी रोजकीर्दीत टिपतात आणि सवडीने खतावणीत नेतात. मध्येच दिवा गेला तरी कीर्द पाहून खतावणी पुरी करता येते. लिनक्सची प्रचलित फाइलव्यवस्था, जिचे नाव ईएक्सटी४, तीही अशीच कीर्द ठेवते. मात्र बहुधा फाइलींच्या मजकुराची नव्हे, तर त्यांच्या ठावठिकाण्याच्या नोंदींची. म्हणूनच एखाद्या वेळी वीज गेली तर लिनक्स पुढच्या खेपेस कीर्द वाचून स्वतःच सावरते. पण बटण दाबून धरून यंत्र रोज रोज मारले, किंवा खालची डिस्कच खोटे बोलू लागली, तर एक दिवस कीर्द आणि खतावणी जुळेनाशी होते, व यंत्र मनुष्याची संमती मागते. अशा वेळी संदेशात ज्या विभागाचे नाव दिले असेल तो पाहून एफएससीके ही आज्ञा, मोकळी जागा व त्या विभागाचे नाव टंकावे, प्रश्नांना वाय असे उत्तर द्यावे, आणि शेवटी एक्झिट लिहावे. स्मार्टचा दाखला वाईट असेल तर मात्र ही दुरुस्ती आधी करू नये. लाइव्ह पेनड्राइव्हवरून नक्कल आधी, कारण मोडक्या डिस्कवर दुरुस्तीचे लेखन केल्याने उरलेलेही जाण्याचा संभव असतो. आणि जो विभाग उघडलेला व वापरात आहे त्यावर ही आज्ञा कदापि चालवू नये.

बटण दाबून धरण्याच्या सवयीला एक पर्याय आहे, तो प्रत्येकाने शिकून ठेवावा. यंत्र थिजले असता उबुंटू व लिनक्स मिंट यांवर आल्ट आणि प्रिंटस्क्रीन या दोन कळा एकत्र धरून, एकेक सेकंदाच्या अंतराने एस, यू आणि बी या कळा दाबाव्यात. पहिलीने न लिहिलेले सर्व डिस्कवर लिहिले जाते, दुसरीने डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडी राहते, तिसरीने यंत्र पुन्हा सुरू होते. काही लॅपटॉपांत यासोबत एफएन कळही धरावी लागते.

यंत्र स्वतःदेखील रोजनामा लिहीत असते. उठल्यानंतर जर्नलसीटीएल ही आज्ञा, मोकळी जागा, दोन उणे चिन्हे लागोपाठ आणि त्यांस जोडून लिस्ट-बूट्स असे लिहिले, तर यंत्र केव्हा केव्हा उठले याची यादी मिळते. त्याच आज्ञेपुढे उणे बी, मोकळी जागा, उणे एक, असे लिहिले तर मागच्या खेपेची संपूर्ण कैफियत वाचावयास मिळते. ही यादी आपल्या वहीशी ताडून पाहावी. वहीत अपयशाची नोंद आहे आणि यंत्राच्या यादीत त्या वेळेची नोंदच नाही, असे आढळले तर निराश होऊ नये : नोंद नाही हीच साक्ष आहे. याचा अर्थ यंत्र नोंद लिहिण्याच्या पायरीपर्यंत पोहोचलेच नव्हते, म्हणजे दोष वीज, बायोस, ग्रब किंवा मूळ डिस्क उघडण्याच्या पायरीचा आहे. आणि नोंद असेल तर तो त्यानंतरचा आहे. अर्धे क्षेत्र एका वाचनात बाद होते.

वाचनालयाच्या लॅपटॉपची हकीकत अशी निघाली. ग्रंथपालांच्या वहीत २३ दिवसांच्या नोंदी झाल्या, त्यांत ७ अपयशाच्या. गावात तोपर्यंत तीन मते प्रचलित झाली होती : ओल लागली, वीज कमीजास्त होते, आणि लिनक्सच वाईट. मलाही प्रथम ओलीचाच संशय होता, कारण सातांपैकी चार दिवस पावसाचे होते; पण यशाच्या सोळा दिवसांची पाने उलटली तेव्हा त्यांतही नऊ दिवस पावसाचेच निघाले, आणि पावसाची फिर्याद तेथेच फेटाळली गेली. वीज गेलेल्या रात्रींचेही तसेच झाले. उरला तो ‘काय काय जोडलेले होते’ हा रकाना, जो मी केवळ रिवाज म्हणून आखावयास सांगितला होता. यशाच्या सोळाही दिवशी त्यात ‘बाहेरची डिस्क’ असे लिहिलेले होते. अपयशाच्या सातही सकाळी नव्हते.

ती डिस्क वाचनालयाच्या जुन्या दुर्मिळ अंकांच्या छायाप्रतींची. ती नेहमी एकाच ठिकाणी उघडावी म्हणून मी स्वतः दोन वर्षांपूर्वी ईटीसी या निर्देशिकेतील एफएसटॅब नावाच्या फाइलीत तिची ओळ लिहिली होती. ही फाइल म्हणजे यंत्र उठताना कोणकोणत्या डिस्क हजर असल्याच पाहिजेत याचे हजेरीपत्रक होय. दीड वर्ष डिस्क टेबलावरून हलली नाही, म्हणून काही बिघडले नाही. या वर्षी मात्र ग्रंथपाल अधूनमधून ती घरी नेऊन रात्री छायाप्रतींची सूची करू लागले, व दुसऱ्या दिवशी कधी आणीत, कधी विसरत. ज्या सकाळी ती नसे त्या सकाळी सिस्टमडी तिची ९० सेकंद वाट पाही आणि मग, हजेरी पुरी होत नाही म्हणून, यंत्र आपत्कालीन स्थितीत नेऊन ठेवी. सुंदर चित्रामागे ते सर्व झाकलेले. ग्रंथपालांना दिसे ते फक्त फिरते चक्र व नंतरचा काळा पडदा. ते बटण दाबून धरीत, पुन्हा सुरू करीत, पुन्हा तेच. दुपारी घरून डिस्क आणून लावली की यंत्र उठे, आणि ‘आता मनात आलं’ असे सर्वांना वाटे. एवढ्या वेळा बटण दाबून मारल्यामुळे एकदा कीर्द-खतावणी बिघडून इनिटरॅमएफएसचा पडदाही आला, आणि त्या दुसऱ्या दोषाने पहिल्याचा माग आणखीच झाकून टाकला. चूक माझी होती, आणि तिचा त्रास दोन महिने त्या सज्जन गृहस्थांना झाला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उपाय एका शब्दाचा. एफएसटॅबमधील त्या डिस्कच्या ओळीत, चौथ्या रकान्यात, ‘डिफॉल्ट्स’ या शब्दाला स्वल्पविराम देऊन ‘नोफेल’ हा शब्द, मध्ये मोकळी जागा न सोडता, जोडावा. याने ती डिस्क असली तर उघडली जाते, नसली तर तिच्यावाचून काम पुढे चालते. त्याच वेळी डिस्कची ओळख एसडीबी, एसडीसी अशा नावाने लिहिलेली असेल तर ती बदलून यूयूआयडी या कायम क्रमांकाने लिहावी, कारण ती नावे यंत्र हजेरीच्या क्रमाने देते आणि तो क्रम रोज तोच असेल याची हमी नाही. एकाच यंत्रात दोन डिस्क असता कधी उठणे व कधी न उठणे याचे हेही एक वारंवार आढळणारे कारण आहे. ज्यांच्या यंत्रात विंडोजही नांदते व त्याचा विभाग एफएसटॅबमध्ये लिहिलेला आहे त्यांनी विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण त्या सोयीत विंडोज पुरते बंद न होता आपला विभाग अर्धवट उघडा ठेवून झोपते. फाइल बदलल्यावर, यंत्र बंद करण्यापूर्वी, फाइंडमाउंट ही आज्ञा, मोकळी जागा, दोन उणे चिन्हे व त्यांस जोडून व्हेरिफाय असे लिहून तिची तपासणी करावी. एका चुकलेल्या अक्षराने यंत्र पुन्हा अडते. आणि अडलेच, तर आपत्कालीन स्थितीत परवलीचा शब्द देऊन, किंवा ते दार बंद असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून, तीच फाइल उघडून दोषी ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह घालावे म्हणजे ती ओळ वाचलीच जात नाही.

हे सर्व करूनही दोष यंत्राच्या शरीरातच आहे असे ठरले, तर लॅपटॉप दुरुस्तीस न्यावा, पण एकटा नेऊ नये. वही सोबत न्यावी. दुकानात ठेवल्यावर चार दिवस उत्तम चालून ‘यात काही दोष नाही’ या शेऱ्यासह परत येणे हे अशा यंत्रांचे ठरलेले प्राक्तन असते. ‘कधी कधी सुरू होत नाही’ एवढेच सांगितले तर कारागीर तरी काय करील? परंतु ‘रात्रभर थंड राहिल्यावर पहिल्या प्रयत्नात उठत नाही, तिसऱ्यात उठते, लाइव्ह पेनड्राइव्हवरूनही तसेच होते, १९९ क्रमांकाचा आकडा महिन्यात ४० वरून ३१० वर गेला’, असे लिहून दिले, तर कुशल माणूस थेट फितीला हात घालील. स्मार्टचा दाखला व पडद्यांची छायाचित्रे वहीला जोडावीत, आणि डिस्क बदलावयाची झाल्यास जुनी डिस्क मागून परत घ्यावी.

दुरुस्तीनंतर आणखी एक महिना ती वही चालू ठेवण्याची विनंती मी ग्रंथपालांना केली, कारण जो दोष तीन दिवसांआड येत होता तो आठ दिवस आला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यांनी ती मान्य केली. डिस्क ते अजूनही घरी नेतात. सूची निम्म्यावर आली आहे, आणि वहीच्या त्या रकान्यात आता काही दिवशी ‘डिस्क नाही’ असे लिहून पुढे वेळ घातलेली असते : सकाळी ८ वाजून १० मिनिटे, सुरू.